दारातलं लॉन का मरतं? विकतच्या गवताआधी बांधावरची हरळी बघा

पनवेल (वार्ताहर) : मंडळी, साडेबारा टक्क्याच्या प्लॉटवर किंवा गावठाणात नवं घर बांधलं की हल्ली दारापुढे लॉन लावायची हौस सगळ्यांनाच असते. खारघरच्या सेंट्रल पार्कला जाऊन आलं की पोरं म्हणतातच, आपल्याकडे पण असं हिरवंगार करूया. हौस चांगली आहे, पण पहिल्या वर्षीच बऱ्याच जणांचं लॉन जातं. माझंही गेलं. म्हणून पाऊस सुरू व्हायच्या आधी चार गोष्टी सांगतो.

आमच्या दारात साधारण 500 चौरस फूट जागा आहे. मे महिन्यात नर्सरीतून गवताच्या तयार लाद्या आणल्या आणि भरावावर चार बोटं लाल माती टाकून अंथरल्या. जूनमध्ये लोक फोटो काढायचे. जुलैत पाणी साचलं, गवत पिवळं पडलं, मग कुजून वास यायला लागला. आई तेव्हा म्हणाली, "शेतातली हरळी उपटता उपटता माझी कंबर गेली, आणि तू पैसे देऊन गवत आणतोस!" त्या वेळी राग आला. नंतर कळलं की ती बरोबर बोलत होती.

हरळी म्हणजेच लॉन

गणपतीला आपण जी दूर्वा वाहतो तीच बांधावरची हरळी. इंग्रजीत तिला बर्म्युडा गवत म्हणतात. जगभरात क्रिकेट, फुटबॉल आणि गोल्फच्या मैदानांवर याच गवताच्या निवडक जाती लावतात. नर्सरीतली जात जास्त बारीक आणि दाट असते एवढाच फरक. आपली गावठी हरळी ऊन सोसते, पायाखाली तुडवली तरी उठते आणि थोडं खारं पाणीही सहन करते. उरण-पनवेलच्या खाडीकाठच्या जमिनीला हे महत्त्वाचं आहे. तिला सावली मात्र चालत नाही. दिवसाला निदान सहा तास ऊन पाहिजे. आंब्याखाली किंवा दोन घरांच्या बोळात तिच्या नादी लागू नका, तिथे फरशी किंवा कुंड्या बऱ्या.

आधी पाण्याची वाट

आपण भातवाले. पाणी अडवायची सवय आहे. लॉनला उलटं पाहिजे. कोकणातला पाऊस चार महिन्यांत सगळा पडतो. पाणी साचून राहिलं की मुळांना हवा मिळत नाही आणि गवत गुदमरतं. म्हणून घराकडून गटाराकडे दर 10 फुटांना दीड-दोन इंच उतार द्या. भरावाचा मुरूम रोलर फिरून घट्ट झालेला असतो. तो 8-9 इंच खणून दगड, सिमेंटचे तुकडे काढा. वर माती, नदीची रेती आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळून टाका. खाडीची रेती नको, तिच्यात मीठ असतं. कच्चं शेणही नको, त्यातून तण आणि हुमणी येते. खणताना लव्हाळ्याच्या गाठी हाताने वेचून काढा. एक गाठ राहिली तरी पावसाळाभर पुरते. जागा खारी असेल तर आधी माती तपासून घ्या.

लावायची कशी?

मृगाचे दोन-तीन पाऊस झाले की सुरुवात करा. हरळीचे दोन-तीन पेरांचे तुकडे करून तीन-चार इंचावर खोचा, एक पेर मातीत गेलं पाहिजे. जागा मोठी असेल तर दुसरी रीत आहे. हरळी बारीक कापून शेणमातीच्या काल्यात मिसळायची आणि अंगण सारवतो तशी पातळ थापायची. ज्यांनी सारवण केलंय त्यांना हे शिकवायला नको. पण मुसळधार पाऊस असेल तर थांबा, नाहीतर सगळा काला वाहून जाईल. दीड-दोन महिन्यांत जमीन झाकते. तोवर त्यावर गाडी, गुरं आणि पोरांचा क्रिकेट बंद.

कापणी आणि खत

उंची दीड-दोन इंच ठेवा. एका वेळी पानाचा तिसरा हिस्साच कापा, मुळापर्यंत खरवडू नका. पावसात आठवड्याला कापावं लागतं, थंडीत कमी. मशिन नसेल तर धारदार विळाही चालतो. युरिया 500 चौरस फुटाला एका वेळी अर्ध्या किलोच्या वर नको. पानं कोरडी असताना फेकून लगेच पाणी द्या, नाहीतर पानं जळतात. जोराचा पाऊस असेल त्या दिवशी टाकलेला युरिया सरळ गटारात जातो.

उन्हाळ्यात काय करायचं?

खरा प्रश्न हाच आहे. हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाणी म्हणजे एक लिटर. 500 चौरस फूट म्हणजे साधारण 46 चौरस मीटर. तिथे 10 मिलीमीटर पाणी द्यायचं तर 460 लिटर लागतं, म्हणजे दोनशे लिटरची सव्वादोन पिंपं. शहरातल्या उद्यानांना माळी आहेत, पंप आहेत. आपल्या कित्येक वाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. अशा वेळी दारात पाईप सोडून बसणं बरं दिसत नाही.

त्याची गरजही नाही. पाणी तुटलं की हरळी पिवळी पडते, पण मरत नाही. जमिनीखाली तिची खोडं जिवंत असतात. बांधावरची हरळी मे महिन्यात वाळून जाते आणि पहिल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांत हिरवी होते, हे आपण लहानपणापासून बघतो. लॉनचंही तसंच. पाणी असेल तर रोज शिंपडण्यापेक्षा चार-पाच दिवसांनी सकाळी भरपूर द्या, म्हणजे मुळं खोल जातात. पाणी नसेल तर पंधरा-वीस दिवसांनी एकदा ओल द्या आणि कापणी बंद ठेवा. भाजी, तांदूळ धुतलेलं पाणी चालतं. धुण्याचं साबणाचं पाणी रोज नको.

दुसऱ्या वर्षी मी उतार काढला आणि आमच्याच बांधावरची हरळी आणून लावली. गवताला एक रुपया लागला नाही, घाम मात्र गेला. आज मे महिना आहे, अंगण पिवळं दिसतं. येणारे-जाणारे म्हणतात, तुमचं लॉन मेलं. मी म्हणतो, मृग लागल्यावर या.