रस्ते जनतेचे, नकाशा कोणाचा?

सोलापुरात सात रस्त्यावर उभे राहून नवख्याने वाट विचारली, तर ती सांगणारे दहाजण भेटतात. हद्दवाढ भागातील एखाद्या नव्या नगरात मध्यरात्री रुग्णवाहिकेच्या चालकाला कोण भेटणार? १९९२ सालच्या हद्दवाढीनंतर शहराचे क्षेत्र सुमारे १७८ चौरस किलोमीटर झाले. अशा विस्तारात घरे आधी उभी राहतात, रस्त्यांना नावे मागाहून पडतात.

वस्तुतः रस्त्यांची माहिती महापालिकेपाशी असावीच लागते. लांबी-रुंदी ठाऊक असल्यावाचून डांबरीकरणाचे अंदाजपत्रक होत नाही. ही माहिती करदात्यांच्या पैशातून तयार होते. मग ती करदात्यांच्या उपयोगी का पडू नये?

२००४ साली इंग्लंडमध्ये ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा लोकांनी मिळून करावयाचा नकाशा सुरू झाला. त्यात कोणीही भर घालावी, चूक दुरुस्त करावी आणि तो विनामूल्य वापरावा. मात्र दुसऱ्याच्या नकाशाची परवान्यावाचून नक्कल करण्यास तेथे सक्त मनाई आहे. म्हणून महापालिकेने यादी नुसती प्रसिद्ध करून भागणार नाही. या नकाशात ती वापरण्याची स्पष्ट, लेखी मुभा द्यावयास हवी. केंद्र सरकारने २०१२ साली माहिती खुली करण्याचे धोरण आखले, २०१७ साली खुल्या माहितीचा परवाना ठरविला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतीय नागरिक व संस्थांसाठी नकाशे करण्यावरील पूर्वपरवानगीची अट काढून टाकली. आता नियमांची सबब पुढे करण्यात अर्थ नाही.

सरकारी माहिती म्हणजे बिनचूक माहिती, असेही मात्र नव्हे. अमेरिकेतील जनगणना खात्याचे रस्ते २००७-०८ च्या सुमारास या नकाशात सरसकट घेण्यात आले. त्यांतील सरकलेल्या रेषा आणि जुनी नोंद दुरुस्त करण्यात स्वयंसेवकांची पुढे कित्येक वर्षे गेली. तात्पर्य, यादी दप्तरातून यावी, पण पडताळणी रस्त्यावर व्हावी. भूगोलाच्या शिक्षकांना व महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना याहून चांगला प्रात्यक्षिकाचा विषय कोणता?

शिवाय महापालिकेची यादी तिच्या हद्दीपाशी थांबते. कुंभारी येथील रे नगरात १९ जानेवारी २०२४ रोजी १५,००० घरे कामगारांच्या हाती आली. तेथे राहणाऱ्याला कामासाठी, दवाखान्यासाठी सोलापुरातच यावे लागते. हद्द दप्तराला असते, आजाऱ्याला नसते. शहर आणि गाव एका कागदावर आणणारा नकाशा लोकच करू शकतात. त्यांच्या हाती पहिली यादी देण्याचे काम तेवढे महापालिकेचे आहे.