एक चटई, तीन इयत्ता

तीन लेकरं एका घरात वाढतात, एका गोधडीसाठी भांडतात, पण शाळेत ती तीन वेगवेगळ्या वर्गांत बसतात. त्यामुळे कोणाला काय येतं आणि कोणाला काय येत नाही, हे घरात सहसा कोणी शेजारी शेजारी ठेवून बघत नाही. मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या आणि आमच्याकडे ते बघावंच लागलं. थोरली तेव्हा सातवीत जायची होती, मधला तिसरीत आणि धाकटी पहिलीत. चटई एक, फोन एक आणि शिकवणारी मी, तीही बारावीपर्यंत शिकलेली.

आमचं राजूर म्हणजे गणपतीचं गाव. जालन्याहून भोकरदनकडे निघालं की लागतं. चतुर्थीला इथं पाय ठेवायला जागा नसते, अंगारकीला तर विचारूच नका. आमचं घर चालतं ते नारळ आणि हारफुलांच्या दुकानावर. मंदिरं बंद झाली ती उघडली १६ नोव्हेंबर २०२० रोजी, पाडव्याला. पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद, ती थेट ७ ऑक्टोबर २०२१च्या घटस्थापनेला उघडली. दुकानाला कुलूप म्हटल्यावर घरधनी मिळेल त्या रोजानं जायचे आणि फोन त्यांच्यासोबत जायचा. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' हे सरकारचं म्हणणं चांगलंच होतं, पण शिक्षण संध्याकाळी सातला फोनबरोबर घरी यायचं, तेही तीन इयत्तांचं एकाच वेळी!

घरी शिकवायचं म्हटलं की आधी वेळ वाटून द्यावासा वाटतो. हिला एक तास, त्याला एक तास. हे कागदावर छान दिसतं. पण एकीला शिकवताना उरलेली दोघं काय करतील? मारामारी! आणि मधल्या वेळात दूध उतू जातं ते वेगळंच. त्यापेक्षा जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत गुरुजी काय करतात ते आठवलं. चार वर्ग आणि दोन शिक्षक. ते विषय एकच काढतात, सगळ्यांना एकत्र बसवून सुरुवात करतात आणि मग ज्याच्या त्याच्या ताकदीचं काम देतात. चटईवर हेच लागू पडलं.

दुकानाची जुनी वही काढली, घरात पडून राहिलेले नारळ मांडले. धाकटीनं दहा-दहाचे ढीग लावायचे. मधल्यानं गिऱ्हाईक आलंय असं समजून सुट्टे पैसे परत द्यायचे. थोरलीनं शेकडा नफा काढायचा, नासलेले नारळ वजा करून. एकाच ढिगाऱ्यावर तीन इयत्तांचं गणित झालं. आणि त्यात एक गोष्ट उघडी पडली. ज्या पोराला तिसरीचं पुस्तक धड वाचता येत नव्हतं, तो दोनशे रुपयांतून एकशे सदतीस वजा करून उरलेले पैसे ताईच्या आधी हातावर ठेवत होता. पेन्सिल नको, कागद नको. 'ह्याला काही येत नाही' असं ज्यांनी ज्यांनी म्हटलं होतं, त्यांना त्या दिवशी बोलावून आणावंसं वाटलं!

भाषेसाठी आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, कामाला आल्या. त्यांना सही करण्यापुरतंच लिहिता येतं, पण १९७२चा दुष्काळ त्यांनी अंगावर काढलाय. दुपारी त्या सांगायच्या, खडी फोडायच्या कामावर कशी रांग लागायची, सुकडी कशी वाटायचे, प्यायचं पाणी कुठून आणायचे. मग मधल्यानं ते आपल्या शब्दांत पुन्हा सांगायचं. तो बोलेल तसंच थोरलीनं लिहून घ्यायचं, एक शब्दही सुधारायचा नाही. धाकटीनं चित्र काढायचं आणि त्याखाली एकच शब्द लिहायचा. दुसऱ्या दिवशी मधल्यानं ते पान वाचायचं. छापील धड्यात जोडाक्षराशी अडकणारा पोरगा 'सुकडी', 'खडी', 'घागर' वाचत पुढं जायचा, कारण ते त्याचंच बोलणं होतं. अडला तरी पुढं काय येणार हे त्याला ठाऊक असायचं. अशी चाळीसेक पानं झाली. ती वही अजून आहे.

आता खरं दुखणं सांगते. भावंडांना एकत्र शिकवताना वयातलं अंतर फार नडत नाही, ते आपण सांभाळून घेतो. नडतं ते कुवतीतलं अंतर, आणि तेही धाकटं पुढं गेलं की. पहिल्या दिवाळीपर्यंत आमची धाकटी घडाघडा वाचायला लागली. मधला एका शब्दावर थांबला की ही बाजूनं शब्द सांगून मोकळी! तिचा काही दोष नव्हता, तिला येत होतं म्हणून ती बोलत होती. पण पोरगा पुस्तक मिटायचा आणि गोठ्यात जाऊन बसायचा. बोलवायला गेलं की म्हणायचा, "मला कामून बोलवता? तिलाच शिकवा की."

मग चटईचा एक नियम ठरला. एक जण वाचत असताना दुसऱ्यानं मनात दहा आकडे मोजायचे, आणि त्यानं विचारलं तरच शब्द सांगायचा. नियम थोरलीला लागू, धाकटीला लागू आणि मलाही लागू. दुसरं म्हणजे त्याची वीस मिनिटं वेगळी. दुपारी, धाकटी झोपल्यावर, अंगणात मातीवर काडीनं अक्षरं. म्हणजे 'एकत्र' शिकवायचं याचा अर्थ सगळंच एकत्र असा नव्हे. जे करताना लेकराची मान खाली जाते, ते चारचौघांत करून घ्यायचं नाही. आणि तिसरं, जे त्याला येतं ते धाकटीनं त्याच्याकडूनच शिकायचं. सुट्टे पैसे मोजायला आणि हार गुंफायला तिला त्यानंच शिकवलं. "बघ, ती लहान असून..." हे वाक्य मात्र आमच्या घरात बंद. पाहुण्यांनासुद्धा!

थोरलीचं दुखणं वेगळं होतं. येणारी प्रत्येक बाई सांगून जायची, "ताई आहे की शिकवायला!" ताई शिकवील, ताई भांडी घासील, ताई धाकटीला आंघोळ घालील. मग ताई शिकणार कधी? ही गोष्ट फार जुनी आहे. धाकट्या भावंडांना सांभाळायचं म्हणून थोरल्या पोरींची शाळा सुटते, हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी पाड्यांवर काम करताना ओळखलं. कोसबाडच्या विकासवाडीत त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणली. धाकट्याला कडेवर घेऊनच पोरीला शाळेत येता आलं. आपण मात्र घरात शाळा भरवून तिथंही पोरीला बिनपगारी बाई करून ठेवतो.

आमच्याकडे संध्याकाळचे दोन तास थोरलीचे, असं ठरलं. त्या वेळात फोनही तिचाच. आत्याबाई पहिल्यांदा कुरकुरल्या. "भाकरी कोण करील गं? मी का?" मी म्हटलं, "मी करते, आत्याबाई. तुम्ही फक्त तिला हाक मारू नका." त्यांनी आठवडाभर तोंड फुगवलं. मग त्याच शेजारणीला सांगायला लागल्या, "हळू बोल, पोरगी अभ्यास करायली."

घरच्या शिक्षणाचा विषय निघाला की मला पंडिता रमाबाईंचं घर आठवतं. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. रमाबाई १८५८च्या. त्या शिकायच्या वयात आल्या तेव्हा वडील थकले होते, म्हणून आईनं शिकवलं, पहाटे, घरकामाच्या आधी. थोरली बहीण आणि भाऊ श्रीनिवास याच फिरत्या घरात वाढले. दुष्काळात आईवडील गेले, बहीणही गेली. पुढं हे बहीणभाऊ देशभर पायी फिरत १८७८मध्ये कलकत्त्याला पोहोचले आणि तिथं रमाबाईंना 'पंडिता' ही पदवी मिळाली. मला त्यात पदवीपेक्षा ती पहाट मोठी वाटते. सगळं घर उठायच्या आधी एका बाईनं एका लेकरासाठी राखून ठेवलेली वेळ.

ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ रोजी उघडले. मधला तिसरी घरातच पुरी करून चौथीत बसला होता. आम्ही लेकरांना शाळेतून काढलं नाही, तसा विचारही केला नाही. घरी शिकवून मुलं मोठ्या परीक्षा देतात, परदेशी जातात, हे खरं आहे. पण त्या घरांत पुस्तकं असतात, वेळ असतो, शिकलेले आईबाप असतात. आमच्यासारख्या घरात शाळेचा पट, दुपारचा आहार आणि बरोबरीची पोरं हे सगळं सोडून द्यायला परवडत नाही. ज्यांची शाळा खरोखरच सुटली, त्यांना दहावी-बारावीला बाहेरून बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म आहे. तीव्र अपंगत्व असलेल्या लेकरांना घरी राहून शिकण्याचा हक्क शिक्षण हक्क कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनं दिला आहे. अशा लेकराचं नाव शाळेच्या पटावर राहू द्या आणि तालुक्याच्या गटसाधन केंद्रात विशेष शिक्षकांची चौकशी करा.

आमच्या मधल्याला पुढं तपासलं तेव्हा 'अध्ययन अक्षमता' हा शब्द आम्ही पहिल्यांदा ऐकला. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिची नोंद आहे. प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो, गरज पडल्यास लेखनिकही मिळतो. हे प्रमाणपत्र परीक्षेच्या वर्षी धावपळ करून नाही, आधीच काढून ठेवावं, कारण तपासणीला दोन-तीन खेपा पडतात.

तो आता हायस्कुलात आहे. हिशोबाला दुकानात त्याच्याशिवाय पान हलत नाही. वाचन अजून सावकाशच आहे. सकाळचा पेपर आत्याबाईंना तोच वाचून दाखवतो. धाकटीचं वाचणं त्यांना फार भरभर वाटतं, कळत नाही म्हणतात.