वाऱ्याला थांब म्हणता येत नाही

धाकटी पंढरी म्हणून ओळखला जाणारा नारायणगड ज्या बालाघाटाच्या रांगेत आहे, त्याच रांगेच्या माथ्यांवर बीड जिल्ह्यात ठिकठिकाणी पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत. रस्त्यावरून बघणाऱ्याला तीन पाती संथ फिरताना दिसतात. त्यांच्या मागच्या संगणकांना मात्र एकाच वेळी निरनिराळ्या स्वभावाची कामे सांभाळावी लागतात.

तयार होणारी वीज ५० हर्ट्झच्या ग्रिडशी जुळवून घेण्याचे काम कन्व्हर्टरचे. तो प्रवाह मोजून सेकंदाला हजारो वेळा दुरुस्ती करत असतो. वारा वाढला की पात्यांचा कोन बदलायचा असतो, आणि तिथे हिशेब मिलिसेकंदांचा. याखेरीज तापमान, वाऱ्याचा वेग, उत्पादन यांच्या नोंदी असतात. त्यांची दर १० मिनिटांची सरासरी काढून नियंत्रण कक्षाकडे पाठवण्याची पद्धत आहे. ही सरासरी दोन मिनिटे उशिरा पोचली तर कोणाचे काही अडत नाही. पण वादळात पाती वेळेवर वळली नाहीत तर रोटर बेफाम होतो.

मग हे सगळे एकाच संगणकावर, एकाच ऑपरेटिंग सिस्टिमखाली चालवावे का? इथे बरेच जण आधी प्रोसेसरचा वेग बघतात. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा आहे: हे काम उशिरा झाले तर काय होईल? रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम सरासरी वेगाची नव्हे, तर सर्वांत वाईट क्षणी किती उशीर होईल याची हमी देते.

जुन्नर तालुक्यातल्या खोडदची जीएमआरटी ही महादुर्बीण या बाबतीत फार शिकवते. तिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांचे संकेत एकत्र करण्यासाठी २०१०च्या सुमारास बाजारात मिळणाऱ्या संगणकांचा लिनक्सवर चालणारा समूह वापरात आला. माहितीचा लोंढा प्रचंड, पण तो मेमरीत क्षणभर थोपवून धरता येतो. एखादा संगणक काही मिलिसेकंद अडखळला तरी मागचे काम भरून निघते. अवजड अँटेना फिरवणाऱ्या मोटारींचे नियंत्रण मात्र त्या समूहाकडे नाही, त्याची यंत्रणा प्रत्येक अँटेनापाशी स्वतंत्र आहे. लोंढा एकीकडे आणि मोटारी दुसरीकडे, ही विभागणी मला पवनचक्कीसाठीही पटते.

कामे एकत्र ठेवली की काय होते, ते मंगळावर दिसले. ४ जुलै १९९७ रोजी उतरलेले नासाचे पाथफाइंडर यान काही दिवसांतच पुन्हा पुन्हा रीसेट होऊ लागले. त्यावर व्हीएक्सवर्क्स ही नावाजलेली रिअल-टाइम प्रणाली होती. हवामानाची माहिती गोळा करणाऱ्या कमी प्राधान्याच्या टास्कने सामाईक साधनाचे कुलूप धरून ठेवलेले, वरच्या प्राधान्याचा टास्क त्या कुलपासाठी खोळंबलेला, आणि मधल्या प्राधान्याचे टास्क हवामानवाल्याला पुढे सरकूच देईनात. महत्त्वाचे काम मुदतीत झाले नाही हे पाहून यान स्वतःच रीसेट होई. कुलूप धरणाऱ्याला तेवढ्यापुरते वरचे प्राधान्य देण्याची सोय प्रणालीत आधीपासून होती, फक्त बंद ठेवलेली. ती पृथ्वीवरून चालू करण्यात आली.

आज पर्याय बरेच आहेत. लिनक्सलाच रिअल-टाइम बनवणारे प्रीएम्प्ट-आरटीचे काम सुमारे वीस वर्षे मुख्य शाखेबाहेर चालले होते. २०२४ मध्ये ६.१२ आवृत्तीत ते मूळ कर्नलमध्ये आले. पात्यांच्या कोनासारख्या मिलिसेकंदांच्या कामाला ते पुष्कळदा पुरते. पण लक्षावधी ओळींच्या कर्नलचा कमाल उशीर मोजता येतो, गणिताने सिद्ध करणे जवळपास अशक्य. हायपरवायझर वापरून एकाच चिपवर दोन प्रणाली नांदवता येतात. तरी कॅश आणि मेमरीची वाट सामाईकच राहते, आणि शेजारच्या कोअरवरच्या गर्दीने इकडची मुदत चुकू शकते.

म्हणून मी तिसऱ्या वाटेच्या बाजूने आहे. मुदतीची कामे छोट्या, वेगळ्या मायक्रोकंट्रोलरवर फ्रीआरटीओएस किंवा झेफिरसारख्या आटोपशीर प्रणालीखाली. नोंदी, नेटवर्क आणि पडदे लिनक्सवर. दोघांमध्ये संदेशांची अरुंद वाट. लिनक्स कोलमडले तरी पाती वळलीच पाहिजेत. दोन्ही प्रकारचे कोअर एकाच चिपमध्ये असलेले प्रोसेसरही आता सहज मिळतात. खर्च आणि कोड सांभाळण्याचा व्याप वाढतो, हे खरे. पण चाचणी घ्यायचा मुदतीचा भाग काही हजार ओळींवर येतो आणि तो दोन माणसांना पुरता वाचून काढता येतो. याच्याही खाली अतिवेगाला आळा घालणारी, तारांनी जोडलेली सुरक्षा साखळी असते. ती सॉफ्टवेअरवर विसंबत नाही आणि बॅटरीसारख्या राखीव शक्तीवर पाती वाऱ्याच्या दिशेला समांतर करते.

निवड कागदावर करून भागत नाही. चाचणी करताना लिनक्सच्या बाजूला मुद्दाम कामाचा डोंगर टाकावा: डिस्कवर सतत लेखन, नेटवर्कवर पूर, सोबत सॉफ्टवेअर अपडेट. त्याच वेळी पात्यांच्या टास्कचा उशीर दिवसेंदिवस नोंदवत राहावे आणि सरासरी बाजूला ठेवून सर्वांत मोठा आकडा बघावा. ही चाचणी वातानुकूलित खोलीत उरकू नये. मे महिन्यात बीडचा पारा चाळिशी ओलांडतो, बंद पॅनेलच्या आत त्याहून जास्त तापते, आणि तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. थंड खोलीत पाळलेली मुदत तिथे चुकू शकते.