पायातले कडे आणि शेतातला नाकतोडा

कीड व्यवस्थापनाचा विचार करताना शिकारी पक्ष्यांची आठवण सहसा उशिराच होते. विजेच्या तारेवर बसलेली कापशी घार उंदरांवर नजर ठेवून असते, बांधावरचा पिंगळा तिन्हीसांजेला भुंगेरे आणि नाकतोडे टिपतो, गव्हाणी घुबड रात्रभर शिवारात फिरते. हे शेतकऱ्याच्या नित्य पाहण्यातले आहे. परंतु असा पक्षी कोठून आला, किती वर्षे जगला आणि अखेरीस कशाने मेला, हे नुसत्या डोळ्यांना समजत नाही. त्यासाठी पक्षी हाती घ्यावा लागतो, त्याच्या पायात क्रमांक कोरलेले हलके धातूचे कडे घालावे लागते आणि त्याची नोंद जपून ठेवावी लागते. या कामाला बँडिंग किंवा रिंगिंग म्हणतात. जगात अनेक ठिकाणी या कामाचा मोठा भार हौशी स्वयंसेवक वाहतात.

सरोवराकाठची टेकडी

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात डुलूथ हे शहर सुपीरियर सरोवराच्या पश्चिम टोकाला वसले आहे. शरद ऋतूत उत्तरेकडून दक्षिणेकडे निघालेले शिकारी पक्षी या अफाट जलाशयापाशी येऊन अडतात. थंड पाण्यावर उष्ण हवेचे ऊर्ध्वगामी झोत तयार होत नाहीत, म्हणून ते सरोवर ओलांडण्याचे टाळतात आणि काठाकाठाने नैर्ऋत्येकडे सरकतात. त्यामुळे शहराच्या माथ्यावरील हॉक रिज या टेकडीवरून त्यांचे थवेच्या थवे जाताना दिसतात. एकेकाळी लोक येथे बंदुका घेऊन येत. स्थानिक पक्षिप्रेमींनी ही शिकार थांबवण्यासाठी प्रयत्न केले आणि १९५१ पासून पक्ष्यांच्या गणनेला प्रारंभ झाला. १९७२ पासून येथे बँडिंगही चालू आहे. १५ सप्टेंबर २००३ या एकाच दिवशी या टेकडीवरून १ लाखाहून अधिक शिकारी पक्षी मोजले गेले.

बँडिंगची रीत पाहिली तर तीत धसमुसळेपणाला वाव नाही. आमिषाला भुलून पक्षी जाळ्यात शिरतो. स्वयंसेवक प्रथम त्याचे पाय पकडतो, कारण या पक्ष्यांची खरी इजा चोचीपेक्षा नखांची असते. मग जाती, लिंग व वय ठरवले जाते, पंखाची लांबी आणि वजन घेतले जाते व योग्य मापाचे कडे निवडले जाते. आपल्या शिक्र्याच्या जवळच्या नात्यातील शार्प-शिन्ड या पक्ष्यात मादी नरापेक्षा इतकी मोठी असते की दोघांना एकाच मापाचे कडे चालत नाही. कडे सैल असले तर अडकते, घट्ट असले तर रुतते. काही मिनिटांत सारे उरकून पक्षी सोडला जातो.

रात्री घुबडांची पाळी सुरू होते. सॉ-व्हेट हे सुमारे ८० ते १०० ग्रॅम वजनाचे चिमुकले घुबड आहे. त्याच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण अंधारात लावून ठेवतात आणि बारीक धाग्याच्या जाळ्या ठराविक वेळाने तपासतात. पकडलेल्या घुबडाचा पंख उलगडून त्याच्या खालच्या बाजूवर अतिनील प्रकाश टाकला की नवी पिसे गुलाबी चमकतात आणि जुनी फिकट दिसतात. ही किमया पिसांतील पॉर्फिरिन या रंगद्रव्याची आहे, आणि तीवरून वयाचा अंदाज बांधता येतो. एकेकाळी दुर्मीळ समजले जाणारे हे घुबड वस्तुतः मोठ्या संख्येने स्थलांतर करते, हे अशाच रात्रपाळ्यांतून उजेडात आले.

एवढ्या श्रमातून हाती येते ते तूर्त वहीतील एक ओळ. कडे घातलेल्या पक्ष्यांपैकी फार थोडे पुन्हा कोणाच्या हाती लागतात. त्या ओळीचे मोल कधी कधी हजारो किलोमीटर दूरच्या शेतात, पुष्कळ वर्षांनी कळते.

पंपास प्रदेशातील प्रश्न

स्वेन्सनचा बाज हा उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडील गवताळ प्रदेशात घरटे करणारा पक्षी. तो पिलांना भूखारींसारखे छोटे सस्तन प्राणी भरवतो, पण हिवाळ्यासाठी सुमारे १० हजार किलोमीटर उडून अर्जेंटिनात गेला की मुख्यतः नाकतोड्यांवर जगतो. नाकतोड्यांचा प्रादुर्भाव जेथे अधिक, तेथे या बाजांचे थवे उतरतात. कॅनडातील सॅस्कटून येथील वैद्यक डॉ. स्टुअर्ट ह्यूस्टन आणि त्यांच्या पत्नी मेरी यांनी व्यवसाय व संसार सांभाळून अनेक दशके या बाजांच्या आणि शिंगाळ्या घुबडांच्या पिलांना घरट्यांतच कडी घातली. उत्तर कॅलिफोर्नियात ब्रायन वुडब्रिज हेही याच बाजांचा अभ्यास करीत होते.

वसंतात परतणाऱ्या पक्ष्यांची संख्या घटत असल्याचे लक्षात आल्यावर वुडब्रिज यांनी १९९४ मध्ये दोन बाजांवर उपग्रहाद्वारे माग देणारी उपकरणे बसवली. त्यांचा माग अर्जेंटिनातील ला पाम्पा प्रांताकडे निघाला. १९९५ च्या जानेवारीत ते तेथे पोहोचले, तेव्हा शेतांत शेकडो बाज मरून पडलेले आढळले. पुढील हंगामात, म्हणजे १९९५-९६ मध्ये, ५ हजारांहून अधिक मृत पक्षी प्रत्यक्ष मोजले गेले. एकूण मृत्यू सुमारे २० हजार असावेत असा अंदाज वर्तवण्यात आला. काही मृत पक्ष्यांच्या पायांत अमेरिका व कॅनडात घातलेली कडी होती. त्यामुळे ही हानी एखाद्या खोऱ्यापुरती नसून त्या जातीच्या फार मोठ्या प्रजननक्षेत्राला भोवत आहे, हे स्पष्ट झाले.

प्रयोगशाळेतील तपासणीत कारण निघाले मोनोक्रोटोफॉस. लसूणघास व सूर्यफुलाच्या शेतांत नाकतोड्यांसाठी हे ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशक फवारले जात होते. मज्जातंतूंचे कार्य सुरळीत ठेवणाऱ्या कोलिनेस्टरेज या विकराला ते निष्क्रिय करते. मरणाऱ्या नाकतोड्यांवर ताव मारायला आलेले बाज विषारी भक्ष्य खाऊन, तर काही थेट फवाऱ्याखाली सापडून मेले. थोडक्यात, शेतकऱ्याचा शत्रू खाणारा पक्षी त्याच शत्रूवरील विषाने मेला.

उपायांत अर्जेंटिनाचे शासन, तेथील राष्ट्रीय कृषी तंत्रज्ञान संस्था, अमेरिकी वन्यजीव विभाग, संरक्षण संस्था व उत्पादक कंपनी सहभागी झाली. नाकतोड्यांवरील मोनोक्रोटोफॉसचा वापर थांबवण्यात आला आणि शेतकऱ्यांपर्यंत माहिती पोहोचवण्यात आली. पुढच्याच हंगामात मृत्यूंची संख्या अगदी नगण्य झाली. कीटकनाशकाचा प्रश्न इतक्या त्वरेने सुटल्याची उदाहरणे विरळाच.

आपल्या शिवारासाठी बोध

मोनोक्रोटोफॉस हे नाव भारतीय शेतकऱ्याला अपरिचित नाही. भाजीपाल्यावरील त्याच्या वापरास आपल्याकडे २००५ मध्ये मनाई झाली आणि २०२३ च्या केंद्रीय आदेशाने त्याचे ३६ टक्के एस.एल. संरूपण बंदीच्या कक्षेत आले. परंतु प्रश्न एका रसायनापुरता नाही. हरभऱ्यातील घाटेअळीसाठी आपण पक्षीथांबे उभारण्याची शिफारस करतो, म्हणजे पक्ष्यांना शेतात येण्याचे आमंत्रण देतो. त्याच शेतात पक्ष्यांना अतिविषारी असलेले कीटकनाशक फवारले, तर ते आमंत्रण सापळा ठरते. थांबे लावल्यावर फवारणी आवश्यकच असेल, तर आर्थिक नुकसानीची पातळी पाहूनच ती करावी आणि निंबोळी अर्क, एचएनपीव्ही यांसारख्या जैविक पर्यायांना अग्रक्रम द्यावा. उंदरांसाठी ब्रोमॅडिओलोन वापरल्यास मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरावेत. त्यांच्या यकृतात उरलेले विष घुबडाच्या पोटात जाऊ शकते.

आपल्या देशात पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचे काम बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९२७ पासून केले आहे. तिच्या कड्यांवर संस्थेला कळवण्याची विनंती कोरलेली असते. शेतात जिवंत वा मृत पक्ष्याच्या पायात कडे दिसले, तर क्रमांक, ठिकाण, दिनांक आणि जवळच्या पिकावर अलीकडे काय फवारले होते, हे टिपून संस्थेला कळवावे. जिवंत पक्ष्याचे कडे काढू नये, शक्य तर छायाचित्र घ्यावे. एकाच ठिकाणी अनेक पक्षी मेलेले आढळले, तर त्यांना उघड्या हाताने स्पर्श न करता वन विभाग व पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना तत्काळ कळवावे.

कडे घालणारा आणि कडे वाचणारा यांची गाठ बहुधा कधीच पडत नाही. ला पाम्पातील शेतात वाकून कोणी क्रमांक वाचला नसता, तर हजारो मैलांवरच्या वहीतील ती ओळ मुकीच राहिली असती. विस्तार कार्यकर्ता रोज बांधावर असतो. वाचणाऱ्याचे हे काम त्याच्याइतके सहज दुसऱ्या कोणाला साधणार नाही.