दुसऱ्याचा संगणक हीही अमानतच

मानपाडा ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर आहे, तसा डोंबिवलीतही आहे. दोन्हीकडच्या दुकानांत व कारखान्यांत आता उधारी, मालाचा साठा आणि गिऱ्हाइकांचे पत्ते संगणकात असतात. पूर्वी शेठच्या वहीला त्यांना न विचारता कोणी हात लावत नसे. संगणकाच्या बाबतीत मात्र ही अदब सुटत चालली आहे, असे आम्हाला वाटते.

दुरुस्तीला आलेल्या संगणकातले घरचे फोटो उघडून पाहायचे, नोकरी सोडताना गिऱ्हाइकांची यादी पेनड्राइव्हवर न्यायची आणि वर म्हणायचे, ‘चोरी कुठे झाली? माल तर जागेवरच आहे!’ कायद्याला हे मान्य नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ प्रमाणे मालकाच्या परवानगीविना संगणकात शिरणाऱ्यावर वा त्यातली माहिती उतरवून घेणाऱ्यावर नुकसानभरपाईची जबाबदारी येते. हेच लबाडीने केल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

ही वाट कुठवर जाते, ते पुण्याच्या कॉसमॉस बँकेने ऑगस्ट २०१८ मध्ये पाहिले. बँकेच्या संगणक यंत्रणेत परक्यांनी शिरकाव केला आणि बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. हाँगकाँगला पाठवलेली रक्कम धरून ९४ कोटींवर रुपये गेले. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना शिक्षा सुनावली. इथे एटीएमसमोर उभे राहून नोटा काढणाऱ्यांना ‘संगणकात मी शिरलो नव्हतो’ ही सबब तारू शकली नाही.

परक्या घरात इजाजत घेतल्याशिवाय पाऊल टाकू नये, हे आपल्याला लहानपणीच शिकवले जाते. इजाजतही ज्या कामाची, तेवढ्यापुरतीच असते. पंखा दुरुस्त करायला आलेला कारागीर कपाट उघडत नाही.

म्हणून कारागीर बंधूंनी काम घेताना पावतीवरच ते नेमके लिहावे आणि गिऱ्हाइकाच्या माहितीची नक्कल घ्यावी लागलीच, तर त्याला विचारून घ्यावी व काम झाल्यावर पुसून टाकावी. दुकानदारांनी प्रत्येक नोकराला वेगळा पासवर्ड द्यावा आणि तो काम सोडून गेला की त्याच दिवशी बंद करावा. बाजारात पत टिकते ती भरवशावर, आणि दुरुस्तीला दिलेला संगणक हा गिऱ्हाइकाने आपल्यावर टाकलेला भरवसाच असतो.