पिंगला उत्तर आलं म्हणजे मशीन बोललं असं नाही

भोसरीच्या गाळ्यांपासून चाकण एमआयडीसीतल्या मोठ्या शेडपर्यंत, आता बहुतेक सीएनसीच्या आणि पीएलसीच्या पॅनलमध्ये इथरनेटची केबल गेलेली असते. वजनकाटा, बारकोड स्कॅनर, टॉर्क कंट्रोलर ही जुन्या सिरीयल पोर्टची उपकरणंही एका छोट्या गेटवेमार्फत नेटवर्कवर आणली जातात. या गेटवेच्या सेटिंगमध्ये जोडणी तपासण्याचा एक भाग असतो. तिथे रकाने मोजकेच: कोणता पत्ता तपासायचा, किती सेकंदांनी, आणि किती वेळा उत्तर आलं नाही तर काय करायचं. मशीन बसवण्याच्या शेवटच्या दिवशी ते घाईत भरले जातात आणि त्यांतल्या चुका पुढे उत्पादनाच्या नोंदींत उमटतात.

गैरसमज : हिरवा दिवा लागलाय, म्हणजे नेटवर्क ठीक आहे.

दिवा एवढंच सांगतो की केबलच्या दुसऱ्या टोकाला चालू पोर्ट आहे. आयपी पत्ता चुकला असेल, सबनेट मास्क वेगळा असेल, तरी तो लागतोच. त्याहून फसवा प्रकार डुप्लेक्सचा. एका टोकाला १०० एमबीपीएस फुल डुप्लेक्स हाताने बसवलं आणि दुसरं टोक ऑटोवर राहिलं, तर ऑटोवालं टोक हाफ डुप्लेक्सवर येतं. दिवा लागतो, पिंगही चालतो. पण मोठा प्रोग्राम मशीनवर पाठवायला गेलं की वेग कोसळतो. विंडोजचा साधा पिंग ३२ बाइटचा असतो आणि सेकंदाला एक जातो, त्यामुळे हा दोष त्यात सहसा दिसतच नाही. १४७२ बाइटचा पिंग बराच वेळ चालवा आणि स्विचवरचे चुकीच्या फ्रेमचे आकडे वाढतात का, ते पाहा. दोन्ही टोकं ऑटोवर ठेवली, किंवा दोन्ही हाताने सारखी बसवली, की प्रश्न मिटतो.

गैरसमज : पिंगला उत्तर येतंय, म्हणजे मशीन डेटा देतंय.

सर्वांत महाग पडणारा गैरसमज हाच. पिंग हे माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेलं साधन. समोरच्या पत्त्यावर नेटवर्कची पाकिटं पोचतात का आणि परत येतात का, एवढंच पाहण्यासाठी ते लिहिलं गेलं. उत्तर देतो तो उपकरणातला नेटवर्कचा थर. वरचा प्रोग्राम अडकून पडला असला तरी उत्तर येत राहतं. गेटवेच्या बाबतीत तर उत्तर गेटवेच देतो. त्याच्यामागच्या वजनकाट्याची सिरीयल केबल निघालेली असली तरी त्याला फरक पडत नाही. गेटवरच्या वॉचमनने फोन उचलला म्हणून साहेब केबिनमध्ये आहेत असं होत नाही.

म्हणून तपासणी कामाच्या पोर्टवर हवी. मॉडबस टीसीपी सहसा ५०२ वर असतो, सीमेन्सचे एस७ पीएलसी १०२ वर, फानुकचा फोकस इंटरफेस ८१९३ वर. पोर्ट उघडला, तरी पुढे जाऊन एखादं रजिस्टर प्रत्यक्ष वाचावं, तेव्हाच खात्री होते. मात्र तपासणीने उघडलेली जोडणी बंद झाली पाहिजे. अनेक उपकरणं एका वेळी मोजक्याच जोडण्या घेतात. त्या तपासणीनेच अडवल्या, तर खऱ्या सॉफ्टवेअरला जागा उरत नाही.

याची उलटी बाजूही आहे. पिंगला उत्तर नाही म्हणजे समोरचा बंद, असंही नाही. विंडोजची फायरवॉल बाहेरून आलेला पिंग बरेचदा अडवते आणि लाइनवरचा पीसी मात्र व्यवस्थित काम करत असतो. विंडोजमध्ये पिंग केल्यावर उत्तराची ओळ दिसली, तर ती कुठल्या पत्त्यावरून आली तेही वाचा. ‘पोचता येत नाही’ हा निरोप तुमच्या स्वतःच्याच पत्त्यावरून येतो आणि खाली नुकसान शून्य टक्के छापलं जातं. नुसता टक्का बघणारा इथेच फसतो.

गैरसमज : तपासायला ८.८.८.८ टाकला की झालं.

तो गूगलचा इंटरनेटवरचा पत्ता. गेटवे आणि सर्व्हर एकाच छताखाली असतील, तर त्यांच्या कामाचा इंटरनेटशी संबंधच नाही. बाहेर रस्ता खोदताना फायबर तुटली, की धडधाकट गेटवे दर काही मिनिटांनी स्वतःला रिस्टार्ट करत बसतो आणि मधल्या वेळेतल्या नोंदी जातात. ज्याच्याशी काम आहे तोच पत्ता तपासा. शक्य असेल तर दोन पत्ते द्या आणि दोन्ही गप्प असतील तेव्हाच रिस्टार्ट होऊ द्या. सलग किती वेळा रिस्टार्ट व्हावं, यालाही मर्यादा घाला.

गैरसमज : जितकी वारंवार तपासणी, तितकी सुरक्षितता.

या पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. शुक्रवारी सकाळी मेन स्विच टाकला की पॅनल, स्विच, सर्व्हर सगळे एकदम उठतात. स्विचवर जुन्या पद्धतीचा स्पॅनिंग ट्री चालू असेल, तर लिंक लागल्यावरही तो पोर्ट १५ अधिक १५, म्हणजे ३० सेकंद डेटा पुढे जाऊ देत नाही. गेटवेवर दर ५ सेकंदांनी तपासणी आणि ३ वेळा अपयश आल्यावर रिस्टार्ट असं लिहिलं असेल, तर १५ सेकंदांतच तो स्वतःला बंद करतो, लिंक तुटते आणि स्विचचे ३० सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. हे चक्र आपोआप थांबत नाही. उपकरण चालू झाल्यावर पहिल्या तपासणीआधी किमान दोन मिनिटांची सवड द्या, आणि स्विचच्या ज्या पोर्टला फक्त मशीन जोडलंय तो एज पोर्ट म्हणून नोंदवा.

सेटिंग करून झाल्यावर लाइन बंद असताना केबल स्वतः काढून बघा, मग सिरीयल केबल काढून बघा, मग सर्व्हरचा प्रोग्राम बंद करून बघा. तिन्ही वेळा इशारा यायला हवा. तपासलेला पत्ता, पोर्ट, अंतर आणि अपयशाची मर्यादा एका कागदावर लिहून तो पॅनलच्या दाराला आतून चिकटवा. रात्रपाळीच्या मेंटेनन्सवाल्याला त्याचीच गरज पडते.