हॅरीच्या चुकलेल्या उत्तरापासून

१९६८ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थ्यांनी इमारतींचा ताबा घेतला होता. तिथेच तर्कशास्त्र शिकवणाऱ्या मॅथ्यू लिपमन यांना त्या धुमश्चक्रीत एक गोष्ट खटकली: धड युक्तिवाद ना विद्यार्थ्यांना जमत होता, ना प्रशासनाला. विचार कसा करावा हे विशीत शिकवायला घेणं म्हणजे उशीरच, असं त्यांना वाटू लागलं.

अकरा-बारा वर्षांपर्यंत मुलांना अमूर्त विचार झेपत नाही, या मानसशास्त्रज्ञ प्याजेंच्या मताचा तेव्हा पगडा होता. तरीही लिपमन यांनी लहानांसाठी चक्क कादंबरी लिहिली. तिचा नायक हॅरी स्टॉटलमायर. वर्गात त्याचं लक्ष नसतं. लांब शेपटीचं आणि ७७ वर्षांत सूर्याभोवती एक फेरी मारणारं काय, असं शिक्षक विचारतात. सगळे ग्रह सूर्याभोवती फिरतात एवढं त्याला आठवतं, म्हणून तो म्हणतो, ग्रह. वर्ग हसतो. हॅरी मात्र चुकलं कुठे ते शोधू लागतो. 'सगळे ग्रह सूर्याभोवती फिरतात' हे खरं, पण सूर्याभोवती फिरणारं सगळं काही ग्रह नसतं. म्हणजे खरं वाक्य उलटवलं की खोटं होतं! हा नियम तो वर्गातल्या लिसाला ऐकवतो, आणि ती असं वाक्य पुढे करते की नियम कोसळतो: एकही गरुड सिंह नसतो. हे उलटवलं तरी खरंच. मग दोघं मिळून नियम दुरुस्त करतात. या साऱ्या इतिहासात मला हाच प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो. चुकलेल्या मुलाला इथे शोधायला काहीतरी मिळतं, आणि त्याला खोडून काढणारी मुलगी त्याची सोबतीण होते.

१९७० मध्ये न्यू जर्सीतल्या माँटक्लेअरच्या शाळेत या कादंबरीचा प्रयोग झाला, १९७४ मध्ये तिथल्याच कॉलेजात याच कामासाठी संस्था उभी राहिली. लिपमन यांच्या सहकारी अॅन शार्प यांनी ही पद्धत देशोदेशी नेली. मुलं गोल करून बसतात, गोष्ट वाचतात, प्रश्न त्यांचेच असतात. शिक्षक उत्तर देत नाही, कारण मागतो. २०१० साली लिपमन आणि शार्प दोघंही गेले.

पुढे या पद्धतीला गुणांचं माप लावलं गेलं. इंग्लंडमधल्या ४८ शाळांच्या २०१५ च्या अभ्यासात वाचन-गणितात थोडी प्रगती दिसली आणि समर्थक हरखले. २०२१ च्या कितीतरी मोठ्या चाचणीत वाचनावर परिणाम आढळला नाही. मला दोन्ही वेळचा गाजावाजा गैरलागू वाटतो. लिपमन यांची तक्रार वाचनाबद्दल नव्हतीच. या पद्धतीची परीक्षा घ्यायची तर मूल कारण देतं का आणि दुसऱ्याचं ऐकून स्वतःचं मत बदलतं का, एवढंच तपासावं.